चौथी ट्रायल

दादाची पिकअप चौथ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा धाकट्या भावाने कपाळावर हात मारून घेतला. त्या हाताला पट्टी आहे हे तो विसरलाच होता, त्यामुळे वर कळही आली. सकाळीच पाना निसटून तळहात कापला होता.

"गाडी ओढतच नाही रे," दादा खाली उतरता उतरता म्हणाला. "काल पुलाच्या चढावर एक सायकलवाला मला हात करून पुढे गेला."

"पिकअपलाच पिकअप नाही म्हण की." धाकट्याने गॅरेजातला नेहमीचा विनोद करून पाहिला. दादा हसला नाही.

महिनाभर या गाडीने धाकट्याच्या नाकी नऊ आणले होते. एअर फिल्टर बदलून झाला, डिझेल फिल्टर बदलून झाला, इंजेक्टर साफ केले, टर्बोच्या पाइपला बारीक चीर होती म्हणून तोही नवा घातला. क्लच पाहिला. ब्रेक चाकाला धरून बसत नाहीत ना, तेही पाहिलं. दर वेळी धाकटा स्वतः ट्रायल घ्यायचा आणि गाडी अशी सुटायची की बस्स. दादाच्या हातात गेली की पुन्हा म्हातारी. "तुला जमत नसेल तर सांग, दुसरीकडे दाखवतो," असं दादा ठणकावून सांगायचा आणि पुन्हा इथेच यायचा.

ट्रायल आपणच घ्यायची, गिऱ्हाइकाला स्टिअरिंगवर बसू द्यायचं नाही, हा धाकट्याचा नियम. आज हातामुळे तो मोडावा लागला. "तूच चालव," म्हणत तो शेजारी बसला. मागे पाण्याचे वीसेक भरलेले जार होते. म्हटलं बरंच झालं, लोडवर नीट कळेल.

गाडी रस्त्याला लागली. धाकट्याने सवयीने डोळे मिटून कान इंजिनाकडे लावले. खडखड नाही, शिट्टी नाही, आवाज अगदी स्वच्छ. फक्त तो चढत नव्हता.

"दाब ना, दादा."

"दाबलाय की. पूर्ण दाबलाय."

धाकट्याने डोळे उघडून खाली पाहिलं. दादाचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि ॲक्सिलरेटर अर्ध्यावर. पाय अनवाणी होता. डाव्या पायात चप्पल होती.

"दादा, उजवी चप्पल कुठाय?"

"पायात आहे की," रस्त्यावरची नजर न काढता दादा म्हणाला.

अंगठ्याच्या खाली एक जखम होती, काळपट, चांगली जुनी. पेडलची कडा नेमकी तिथेच रुतत होती आणि दादा आरामात कालच्या सायकलवाल्याला शिव्या घालत होता. दादाला शुगर आहे हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. ती पायापर्यंत उतरली आहे, हे धाकट्याला आत्ता कळत होतं.

पुढचा सिग्नल लाल झाला.

"दादा, ब्रेक."

पाय उचलला गेला, ब्रेकच्या कडेला लागून घसरला आणि पुन्हा चाचपडू लागला. समोर एक बाई मुलीचा हात धरून रस्ता ओलांडत होती. धाकट्याने पट्टीच्या हाताने हँडब्रेक खेचला. गाडी हिसका देऊन थांबली, मागचे जार एकमेकांवर आदळले.

"अरे, दाबत होतो ना मी!" दादा खेकसला.

येताना गाडी धाकट्याने चालवली. पट्टी लाल झाली तरी स्टिअरिंग सोडलं नाही. गॅरेजात शिरताना चप्पल दारातच पडलेली दिसली, मघाशी दादा उतरला होता तिथे. त्याने दादाला स्टुलावर बसवलं आणि खाली उकिडवं बसून चप्पल त्याच्या पायात सरकवली. दादाचं सगळं लक्ष बॉनेटकडे.

"सांग ना, काय बिघडलंय? तीस वर्षं हेच केलंय रे. गाडी गेली तर मी घरी बसून करू काय?"

आजवर जे जे खोलता आलं ते धाकट्याने दुरुस्त केलं होतं. समोरच्या भिंतीवर ओळीने पाने लटकत होते आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. त्याला फार असहाय वाटलं, आणि दादाचा रागही आला.

"दादा, तुझा पाय..."

"पायाचं तू सुरू करू नकोस हां. घरी तेच चाललंय."

धाकटा उठला. गाडीची किल्ली त्याने स्वतःच्या खिशात टाकली.

"पंप गेलाय," तो म्हणाला. "मागवावा लागेल. तोवर गाडी इथेच राहू दे."

दादाचा चेहरा असा खुलला की धाकट्याला त्याच्याकडे बघवेना. "म्हणजे गाडीचंच होतं! मी बोंबलून सांगत होतो." त्याने लगेच घरी फोन लावला आणि धाकट्याच्या हातात कोंबला. "घे, तूच सांग तुझ्या वहिनीला. महिनाभर डोकं खातेय माझं."

"वहिनी, मी बोलतोय..."

पलीकडून वहिनी हळू आवाजात म्हणाली, "भावजी, पायच ना?"

दादा टक लावून बघत होता.

"हो, वहिनी."

दादाने खुशीत मांडीवर थाप मारली. धाकट्याने फोन कानाशी घट्ट दाबून धरला, पलीकडचं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"काय म्हणते?" दादाने विचारलं.

"बरं झालं म्हणते," धाकटा म्हणाला. "सापडलं एकदाचं."