नाकाखालचं लिंबू

लिंबू दिसलं तेव्हा विमान बायकोच्या हातातून सुटलेलं होतं. विमानाच्या नाकाखाली, पुढच्या चाकाच्या तारेला, काळ्या दोऱ्यात ओवलेलं टपोरं लिंबू आणि त्याच्या संगतीला सात हिरव्यागार मिरच्या. रिमोट दोन्ही हातांत धरून मागे उभ्या असलेल्या रामप्रसाद सरांच्या तोंडून "अगं" एवढंच निघालं. पुढचं बोलायला वेळ नव्हता. विमान सांभाळायचं होतं.

रामप्रसाद सर पुसेगावात विज्ञान शिकवतात आणि आसपासच्या गावांत जाऊन अंधश्रद्धेवर भाषणं देतात. भाषणात एक लिंबू ठरलेलं. ते सगळ्यांसमोर कापायचं, पिळायचं, साखर घालून सरबत करायचं, पिऊन टाकायचं आणि म्हणायचं, "बगा, याच्यात आंबटपणा सोडून कोनतीच शक्ती न्हाई." घरच्या मोटारसायकलीला त्यांच्या बायकोने, शिवकन्येने, कधी लिंबू-मिरची बांधली नव्हती. आपल्या भाषणांचं हेच सगळ्यात मोठं यश, असं सर मानत. आणि आज झेंडावंदन आटोपून अख्खं गाव माळावर जमलेलं असताना तिने हे केलं होतं.

सरांचा दुसरा नाद विमानांचा. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल कापायचा, घासायचा, पंख चिकटवायचे, मागे मोटर आणि पंखा बसवायचा. पहिल्या विमानाला त्यांनी दाराचा उरलेला ऑइल पेंट दिला होता. पेंटने रातोरात थर्माकोल खाल्ला आणि सकाळी विमानाच्या जागी चिकट गोळा मिळाला. विज्ञानाच्या मास्तराला हे ठाऊक असायला हवं होतं, हे त्यांना बायकोने नाही, दूधवाल्याने सांगितलं. पुढची विमानं मग साध्या पोस्टर कलरची. हळदीसारखी पिवळीधमक, पंखावर झोकात लिहिलेला जिल्ह्याच्या गाड्यांचा नंबर, "एमएच ३८".

दिसायला सगळी देखणी. पण उडवली की नाक वर करून आभाळाकडे बघत, क्षणभर तिथेच थबकत आणि शेपटीवर खाली येत. सरांनी वाऱ्याला दोष दिला, बॅटरीला दिला, चिकटवायच्या गोंदाला दिला. नाचता येईना अंगण वाकडं. गावात तर चहाच्या टपरीवर लोक विचारत, "सर, आज किती वाजता पाडनार?"

सर यावर हसत. विमान जमिनीला टेकायच्या आत सगळ्यात आधी तेच हसायला लागत. आपणच अगोदर हसलं की लोकांना हसायला फारसं काही उरत नाही, असा त्यांचा कावा. आतून मात्र फार लागायचं. म्हणूनच आज सकाळी त्यांनी झेंड्याखालीच जाहीर करून टाकलं होतं. हे उडालं तर उडालं, नाहीतर उद्यापासून थर्माकोलला हात लावणार नाही.

विमान वर गेलं. नाक वर झालं. सरांनी सवयीने हसू ओठांपर्यंत आणून ठेवलं.

पण नाक खाली आलं. विमान सरळ झालं आणि चाललं. बाभळीवरून गेलं, हळद शिजत होती तिथल्या धुरावरून गेलं, वळलं, परत आलं. खाली लिंबू डुलत होतं. सरांचे डोळे भरून आले, त्यामुळे उतरवताना ते थोडं धडपडलं. पण उतरलं, अखंड उतरलं.

तोवर सरांच्या डोक्यात उजेड पडला होता. मोटर मागे, म्हणून शेपूट जड आणि नाक हलकं. इतकी वर्षं पुढे फक्त मूठभर वजन हवं होतं. सातवीच्या पोरांना ते दरवर्षी हेच तराजू घेऊन शिकवत.

पुंजाजी आजोबा काठी टेकत पुढे आले. "गुर्जी, लिंबानं उडालं म्हना की."

सरांनी जमलेल्या गावाला समजावून सांगितलं. वजन, तोल, नाक, शेपूट. पुंजाजींनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

"म्हंजी लिंबू नसतं, तर पडलं असतं?"

खोटं बोलणं विज्ञानात बसत नव्हतं. "व्हय," सर म्हणाले. "पडलं असतं."

"मंग आमी दुसरं काय म्हनून राहिलो?"

सर सामान आवरेपर्यंत एकाने ट्रॅक्टरच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधलीसुद्धा. कोणी विचारलं तर तो सांगत होता, "सरांनीच सांगितलं, वजन पुढं पायजे." सगळ्या भाषणांचं सरबत झालं होतं.

घरी जाताना मोटारसायकलवर मागे शिवकन्या बसली होती, मांडीवर विमान. विमान उडाल्याचा आनंद सरांच्या पोटात मावत नव्हता आणि लिंबाचा राग डोक्यातून जात नव्हता. शेवटी त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काहून बांधलं गं? इतकी भाषणं ऐकूनबी तुझा लिंबावर इस्वास हाय?"

"लिंबावर न्हाई," ती म्हणाली.

"मंग विमान उडंल असं वाटलं तुला?"

"तेबी न्हाई. पडनारच होतं ते." तिने पंखावरची माती पदराने पुसली. "अन् पडलं की तुमी सगळ्यांच्या आधी हसता, ते मला बगवत न्हाई. म्हनलं, आज लोकं माझ्या लिंबाला हसू देत."