दोनशे पावलं

गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय शुभांगीनं ओढून बाहेर काढला, पाठीवरच्या नवऱ्याला हिसका देऊन वर सरकवलं आणि पुढचं पाऊल टाकलं. अजून दीडशे पावलं राहिली होती.

माले गावाखालच्या पडीक खाचरांत पुण्याच्या एका कंपनीनं चिखलाची शर्यत भरवली होती. जाळीखालून सरपटायचं, लाकडी भिंत चढायची, आणि जोडी गटात शेवटची दोनशे पावलं एकानं दुसऱ्याला पाठीवर घेऊन चिखल तुडवायचा. कुणी कुणाला घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. चाळीस जोड्या होत्या. एकोणचाळीस पुरुषांच्या पाठीवर बायका होत्या. एकट्या शेखरनं फॉर्मवर उलटं लिहिलं होतं.

वैशाखात, तिला न विचारता, त्यानं नाव घातलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी बांधावरच्या वाटेनं ती त्याला पाठीवर घेऊन चालायची. पहिल्या दिवशी चार पावलांत दोघं आडवे झाले आणि पोट धरधरून हसले. ज्येष्ठात ती वीस पावलं गेली, आषाढात शंभर. "कमरेतनं जोर लावू नको, मांड्यांतनं उचल," तो पाठीवरून सांगायचा. "तुझी कमर शाबूत राह्यली पायजे." वाटेवरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. सासू चंद्राबाई तर एकदा दारातच आडवी आली. "माझं पोर काय भाताचं पोतं हाय व्हय गं? रोज वाहतीयास त्ये!" शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेखर मात्र ऐकायचा नाही. एक दिवस चुकला तरी चिडायचा.

आणि स्वतः? त्यानं सगळी कामं सोडली होती. लवासाच्या रस्त्यावर बारा वर्षं चालवलेली जीप सोडली, म्हणाला, घाटाचा कंटाळा आला. धारा काढायचं तिच्यावर टाकलं. सदऱ्याची बटणंसुद्धा तिनं लावायची. सुरुवातीला तिला ते लाडाचं वाटलं, मग रागाचं. "व्यायाम मला आन् वाळलायसा तुमी," ती म्हणायची. तो नुसता हसायचा.

आज जाळीखालून तिनंच त्याला ओढत नेलं, आणि भिंतीपाशी तर त्यानं वरून सोडलेल्या दोराला हातच लावला नाही. तिनं खालून खांदा दिला, वर बसलेल्या दोघा स्पर्धकांनी त्याला काखेत धरून ओढून घेतलं. तिथूनच तिचं डोकं तापलं होतं.

"तेवीस नंबरच्या वहिनी, शाब्बास!" माइकवरचा माणूस ओरडला. "आणि भाऊ, तुम्ही आरामात बसा, चहा पाठवू का?"

काठावरची गर्दी खदखदून हसली. शुभांगी थांबली.

"उतरा."

"शुभे, चाल. थोडंच ऱ्हायलंय."

"उतरा म्हणतीय ना! आता तुमी घ्या मला. न्हाईतर मी चालले घरी."

तो उतरेना. तिनं त्याच्या मांड्यांखालचे हात काढून घेतले. शेखर घसरला आणि चिखलात तोंडावर पडला. गर्दीतून शिट्ट्या आल्या. ती मागं न बघता चार पावलं पुढं गेली, पाचवं टाकलं, आणि शिट्ट्या थांबल्या.

तिनं वळून पाहिलं. तो अजून पालथाच होता. सोंग करतोय, असं तिला आधी वाटलं. मग तिला त्याचे हात दिसले. तो तळवे टेकत होता, अंग उचलायला बघत होता आणि कोपरं आपोआप दुमडत होती. पुन्हा टेकत होता, पुन्हा दुमडत होती. तोंडाजवळ चिखलाचे बुडबुडे येत होते.

ती धावली. काखेत हात घालून तिनं त्याला उताणा केला, बोटानं तोंडातला चिखल काढला. त्यानं मोठ्यानं श्वास ओढला. बराच वेळ नुसता खोकत राहिला.

"हातात जोर न्हाई राह्यला," मग तो म्हणाला. "चैत्रात पुण्याला गेलो हुतो ना, जीपचं सामान आणायला जातो सांगून? डॉक्टरकडं गेलो हुतो. नसांचा आजार हाय. आधी हात जात्यात, मग पाय. औषध न्हाई त्याला."

शुभांगीला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. तिनं त्याचा हात हातात घेतला. अंगठ्याखालचं मांस पार उतरलं होतं. रोज बटणं लावताना हा हात तिच्या डोळ्यांसमोरच असायचा.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मुंबईला जाऊ."

"तिघांना दाखवलं. तिघं बी त्येच म्हणाले."

माइक गप्प झाला होता. मागून आलेल्या जोड्या वळसा घालून पुढं जात होत्या. एक पोरगी नवऱ्याच्या पाठीवरून मान वळवून यांच्याकडे बघत राहिली. ताम्हिणीकडचं आभाळ खाली उतरलं होतं. काठावरून स्वयंसेवक हात हलवून विचारत होता, स्ट्रेचर आणू का?

शुभांगीनं मान हलवून नको म्हटलं. ती त्याच्यापुढं पाठ करून खाली बसली, त्याचे दोन्ही हात आपल्या गळ्याभोवती ओढून घेतले आणि मांड्यांवर जोर देऊन उठली. तो आता किती हलका झालाय हे तिला पहिल्यांदाच समजलं आणि तिला रडू फुटलं.

दहाएक पावलं ती तशीच गेली.

"मग ह्ये कशाला?" तिनं रडत विचारलं. "समदं ठावं हुतं, तर ह्या चिखलात, चारचौघांच्या हसण्यात कशाला आणलंत मला?"

शेखरनं तोंड तिच्या कानाशी आणलं.

"मोरीपास्नं खाटेपातूर नऊ पावलं हायेत, शुभे. मी मोजल्यात. वरीसभर तेवढं रोज जमायला पायजे तुला."