हलका पेशंट

पोहण्याच्या तलावाच्या भिंतीला हात लागला तेव्हा डेसच्या लक्षात आलं, आपल्याला फारशी धाप लागलेली नाही. गेल्या वर्षी याच भिंतीला धरून तो डोळे पांढरे करून लोंबकळत होता आणि जेमतेम पास झाला होता.

"पास!" परीक्षक स्टॅव्रो काठावरून ओरडला. "आणि तेही बारा सेकंद राखून!" तलावाकाठी बसलेल्या हेलिकॉप्टर पथकातल्या सहकाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या.

डेस किलब्राइड चोपन्न वर्षांचा. टास्मानियाच्या कड्यांवर, समुद्रावर हेलिकॉप्टरच्या दोराने उतरायचं आणि जखमी माणसाला वर आणायचं, हे त्याचं काम. दरवर्षी या तलावात एका सहकाऱ्याला पेशंट करून ओढत न्यावं लागे. वेळेत जमलं नाही तर उडणं बंद, मग रस्त्यावरची रुग्णवाहिका. त्या धास्तीने त्याने हिवाळाभर बायकोच्या हातचे लॅमिंग्टन केक तोंडात घातले नव्हते. दर रविवारी खाडीच्या गारठलेल्या पाण्यात तो जावयाला गळपट्टीला धरून ओढायचा. शेवटी जावयाने सासुरवाडीला येणंच सोडलं.

पण बारा सेकंद? त्याचा विश्वास बसेना. त्याने पेशंट झालेल्या कर्स्टीकडे वळून पाहिलं. पथकातली सगळ्यात लहानखुरी तीच. तरीसुद्धा ओढताना ती पिसासारखी लागली होती.

"खरं सांग, पाय मारलेस ना?"

"नाही मारले."

"माझी दया आली होय तुला? कड्याखाली बेशुद्ध पडलेला माणूस पाय मारतो का गं?"

"अरे म्हाताऱ्या, नाही मारले म्हणते ना!"

कर्स्टीला हसू आवरत नव्हतं. ते पाहून डेसची खात्रीच पटली. क्षणभर त्याला गप्प बसावंसं वाटलं. गप्प बसला असता तर उद्या सकाळी हेलिकॉप्टरमधली त्याची जागा पक्की होती. ती जागा त्याला जिवापाड हवी होती. पण खवळलेल्या पाण्यात हात पुढे करणाऱ्या माणसाला असलं उसनं बळ काय कामाचं?

"स्टॅव्रो, माझं नाव खोड," तो म्हणाला. "मी रुग्णवाहिकेवर जातो."

स्टॅव्रोने नाइलाजाने पेन उघडलं.

"अरे, थांबा!" कर्स्टी धडपडत काठावर चढली. तिने अंगातल्या जाड रबरी सूटची चेन खाली ओढली, आत हात घातला आणि कमरेचं काहीतरी सोडलं. शिशाचे ठोकळे ओवलेला पाणबुड्यांचा पट्टा फरशीवर धाडकन आदळला.

"हलकी पोरगी मिळाली म्हणून पास झाला, असं उद्या तुला कोणी म्हणायला नको, म्हणून बांधला होता," ती म्हणाली. "पाय कसले मारते! मीच बुडता बुडता वाचले!"