सुनेची माणसं

"लवकर या! वटवाघळांच्या झाडाखाली करवत घेऊन माणसं आलीत," झाडाजवळच्या पहारेकऱ्याचा फोन आला, तेव्हा ती अभयारण्याच्या पलीकडच्या काठावर बगळ्यांची घरटी बघत होती. नदीकाठचं ते जुनं झाड वस्तीच्या डोळ्यात कधीचं खुपत होतं. घाण होते, अपशकुन होतो, एक ना दोन. ती मात्र त्या वटवाघळांना 'माझी माणसं' म्हणायची. तिने होडी पाण्यात लोटली आणि जीव खाऊन वल्ही मारली.

पोहोचली, तर करवतवाले करवती खाली ठेवून उभे. बुंध्याला पाठ टेकून खाली बसल्या होत्या तिच्या सासूबाई. डोक्यावर वटवाघळांचा कलकलाट, पदरावर त्यांच्याच घाणीचे डाग.

"तासभर बसल्यात," करवतवाला कुरकुरला. "म्हणतात, आमची सून इथली साहेब आहे. ती आल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही."

तिला हसावं की रडावं कळेना. "आई, अहो, घरात एक वटवाघूळ शिरलं तरी तुम्ही किंचाळता. किळस येते ना तुम्हाला यांची?"

"येते की! आताही येतेय," सासूबाई तिचा हात धरून उठल्या. "म्हणून काय सुनेच्या माहेरच्यांना कुणी हुसकावून लावताना बघत बसू?"