उरलेल्या पाच गोळ्या

तिने माझ्या औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर कापलेली पट्टी ठेवली. सहांतल्या पाच गोळ्या तशाच होत्या.

"घ्या भाऊ, कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

अमॉक्सिसिलिन. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याचा घसा दुखत होता, तेव्हा मीच पट्टी कापून दिली होती. दुकानात गर्दी होती, डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. तो गेल्याचं कळलं होतं. कशानं, ते नव्हतं कळलं.

"एक गोळी घेतली नि पंधरा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले, श्वास घेता येईना. तालुक्याला पोचेपर्यंत संपलं सगळं. घशाचं दुखणं आत उतरलं असणार, दुसरं काय!"

मी विचारलं, "त्यांना आधी कधी कुठलं औषध बाधलं होतं का?"

"पेनिसिलिनचं इंजेक्शन. लहानपणी मरता मरता वाचले होते. म्हणून तर दवाखान्यात गेले नाहीत. तिथे सुई टोचतील, त्यापेक्षा गोळी बरी, म्हणाले."

ही गोळी पेनिसिलिनच्याच कुळातली. हा प्रश्न मी त्या दिवशीच विचारायला हवा होता.

ती जायला निघाली, पायरीवर थांबली.

"भाऊ, खरं सांगा. तुम्ही सकाळी दिलेली गोळी मी त्यांना रात्री जेवल्यावर दिली. माझ्याकडूनच उशीर झाला का हो?"

"नाही ताई," मी कसंबसं म्हणालो. "तुमचं काही चुकलं नाही."

तिने डोळे पुसले आणि मला हात जोडले.