तरुणांचा आजार

सासूबाईंच्या पोटात उजवीकडे कळा यायला लागल्या, तेव्हा सासऱ्यांनी पेपरातून मान वर न करताच निदान केलं, "म्हातारे, गॅस आहे. या वयात दुसरं काय होणार? गरम पाणी पी."

संध्याकाळी दवाखान्यात कळलं, अपेंडिक्स सुजलंय, लगेच ऑपरेशन. सासूबाईंचं धाबं दणाणलं. "या वयात?"

"आजी, हा आजार जास्त करून दहा ते तीस वयात होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तसा कुणालाही होऊ शकतो."

यातलं पहिलंच वाक्य घेऊन सासूबाई घरी आल्या. भेटायला येईल त्याला ते ऐकवायच्या, दूधवाल्यालासुद्धा. ते सुरू झालं की सासरे पेपर उचलून गॅलरीत जाऊन बसायचे.

आठवड्याभरात त्यांचंही पोट दुखलं, तेही नेमकं उजवीकडे. "अपेंडिक्सच आहे," म्हणत ते आमच्या आधी गाडीत जाऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली आणि गॅसच्या गोळ्या देऊन परत पाठवलं.

सासूबाईंनी गरम पाण्याचा पेला त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "वय झालं की गॅसच होतो."