जड ते पुढे
पुलाच्या उतारावर मागची टपरी डोलायला लागली, तसा हुसेनने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. ब्रेकला मात्र तो शिवला नाही.

"अवं, बिरेक मारा की!" शेजारी बसलेली सोजरबाई ओरडली. टपरी तिची होती. दोन चाकांची, पत्र्याची. अकरा वर्षं येरवड्यात तिने त्यात भजी तळली होती. तिथून उठवल्यावर आज ती टपरी हुसेनच्या पिकअपला जोडून वाघोलीला निघाली होती.

हुसेन स्टिअरिंग सरळ धरून बसला. आरशात टपरी डावीकडे जाई, उजवीकडे जाई, आणि दर वेळी पिकअपलाही हिसका देई. एक दुचाकीवाला शिवी हासडून बाजूला झाला. उतार संपला, वेग पडला, डोलणं हळूहळू थांबलं. मग त्याने गाडी कडेला घेतली. सकाळपासूनची ही चौथी खेप. खाली उतरला तेव्हा कंबर सरळ होईना.

"ब्रेक मारला असता तर टपरीनं आपल्यालाच आडवं केलं असतं," तो म्हणाला. "दार उघडा. आत काय कुठं ठेवलंय बघू."

भरलेला सिलिंडर, तेलाचे डबे, कडप्प्याची फरशी, सगळं मागच्या पत्र्याला टेकलेलं होतं.

"म्याच लावलं," सोजरबाई म्हणाली. "पुढं भांडी हायती, चेपतील म्हून."

"जड ते पुढे लावायचं, ताई. मागे जड झालं की ती गाडीचं ऐकत नाही."

"ऱ्हाऊ द्या आता. हळू चालवा. माझ्यात जीव न्हाई उरला."

"माझ्यात तरी कुठं उरलाय?" हुसेनने फरशीचं एक टोक उचललं.  सोजरबाईने पदर खोचून दुसरं टोक धरलं.

चार पावलांच्या जागेत दोघं तीनदा थांबले. सिलिंडर पुढे सरकवून दोरीने आवळेपर्यंत ऊन कलंडलं. पुढचा सगळा रस्ता हुसेनने तिसऱ्या गिअरमध्ये काढला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत राहिले. टपरी गुमान मागे येत होती.

वाघोलीला कॉलेजच्या भिंतीलगत सोजरबाईने जागा हेरून ठेवली होती. हुसेनने टपरीच्या चाकांना दगड लावले आणि हूक काढायला वाकला. तिथेच त्याचा हात थांबला. मातीवर पांढऱ्या फक्कीची ताजी रेघ होती. नेमकी टपरीखालून गेलेली.

"आजच आखून गेले," शेजारचा पानवाला म्हणाला. "रस्ता रुंद करणार म्हणे."

सोजरबाईने ती रेघ बघितली. मग ती टपरीत चढली, सिलिंडरची दोरी सोडली, शेगडी जोडली.

"आधी चहा घ्या, हुसेनभाई," ती आतून म्हणाली. "हूक काढायचं मग बघू."